एकाच नौकेतील प्रवासी
ग्रामसभेतील उपस्थिती : एक अमानत





सहीह बुखारीमध्ये हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. जुम्याच्या खुत्ब्यात किंवा एखाद्या इज्तेमात आपण ती ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मानवी समाजाला एका नौकेची उपमा दिली. काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून नौकेतील जागा वाटून घेतल्या. काहींच्या वाट्याला वरचा मजला आला, काहींच्या वाट्याला खालचा. खालच्या लोकांना पाणी हवे असले की वर जावे लागे आणि त्यांच्या ये-जा करण्याचा वरच्यांना त्रास होई. तेव्हा खालच्यांच्या मनात आले की, आपण आपल्याच वाट्याच्या जागेत एक भोक पाडून घेऊ, म्हणजे वरच्यांना उपद्रव होणार नाही. प्रेषितांनी (स.) पुढे जे सांगितले त्याचा आशय असा की, वरच्यांनी त्यांना मनाप्रमाणे करू दिले तर सारेच बुडतील आणि त्यांचा हात धरला तर सारेच तरतील.

या हदीसचा आधार बहुधा 'वाईटाला रोखा' हे सांगण्यासाठी घेतला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु थोडे थांबून या दृष्टांताकडे पुन्हा पाहा. त्याच्या मुळाशी पाणी आहे. खालच्या माणसांची तहान खरी होती. दुसऱ्याला त्रास होऊ नये, ही त्यांची इच्छाही वाईट नव्हती. जागाही त्यांच्याच वाट्याची होती. तरीही त्यांचा विचार साऱ्या नौकेला बुडविणारा ठरला, कारण तो त्यांनी आपल्या मजल्यापुरता केला. आमच्या अल्पमतीला या दृष्टांतातून आणखी एक गोष्ट उमगते. खालच्यांना पाणी कसे मिळावे, हा प्रश्न दोन्ही मजल्यांनी एकत्र बसून सोडविला असता, तर कुऱ्हाड उचलण्याचा विचारच कोणाच्या मनात आला नसता.

या महिन्याच्या अभ्यासासाठी आपण हाच विषय घेतला आहे. आपले गाव ही आपली नौका आहे आणि तिच्यातील सर्व प्रवाशांनी एकत्र बसण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. तेथे आपले स्थान कोणते, तेथे जाण्याचा आणि न जाण्याचा आपल्या ईमानाशी संबंध काय, हे आपण पाहू या.

ग्रामसभा म्हणजे काय?

अनेकांची अशी समजूत असते की, ग्रामसभा ही सरपंच आणि पंचांची बैठक आहे आणि आपण तेथे गेलोच तर केवळ ऐकणारे म्हणून जायचे. ही समजूत चुकीची आहे. सरपंच व सदस्यांची जी बैठक भरते ती ग्रामपंचायतीची मासिक सभा होय. ग्रामसभा तिच्याहून वेगळी आहे. गावाच्या मतदार यादीत ज्यांचे नाव आहे असे सर्व स्त्री-पुरुष ग्रामसभेचे सदस्य असतात. त्यासाठी निवडून यावे लागत नाही, फी भरावी लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. गावच्या जमीनदाराचे आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचे तेथील स्थान कायद्याने सारखे आहे.

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आगेमागे होतात. गावाचा विकास आराखडा, पाणीपुरवठा, रस्ते, गटारे, दिवाबत्ती, शाळा, अंगणवाडी, घरकुल योजनेतील लाभार्थी, खर्चाचा हिशेब, असे विषय तेथे येतात. ज्या नळाचे पाणी आपण वुजूसाठी वापरतो आणि ज्या वाटेने आपली मुले मकतबात जातात, त्यांचा निर्णय याच सभेत होतो.

या सभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. तेवढे लोक आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब झालेल्या सभेला पुढे गणपूर्तीची अट राहत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपण घरी बसलो म्हणून निर्णय थांबत नाही. जे थोडे लोक येतील त्यांच्या मताने तो होतो आणि आपल्यालाही लागू होतो. नौका चालूच असते, आपण खाली झोपलेलो असतो एवढेच.

दिव्य कुरआन आणि सीरतचा प्रकाश

सूरह अश्-शूराच्या ३८ व्या आयतीत श्रद्धावंतांच्या गुणांचे वर्णन आहे. त्यात नमाज कायम करणे आणि अल्लाहने दिलेल्या उपजीविकेतून खर्च करणे या दोन गुणांच्या मधोमध आपसांतील कामे सल्लामसलतीने चालविण्याचा गुण आला आहे. ज्या कामाला कुरआनने नमाज आणि दान यांच्यामध्ये जागा दिली, त्याला 'केवळ दुनियेचे काम' म्हणून बाजूला सारता येईल काय? दुसरी गोष्ट अशी की, ही सूरह मक्केतील आहे. तेव्हा मुसलमान मूठभर होते, त्यांच्या हाती सत्ता नव्हती, रस्त्याने जाताना त्यांचा छळ होत असे. अशा काळात त्यांना सल्लामसलतीची ओळख देण्यात आली. हा गुण सत्ता आल्यावर अंगी बाणवायचा असतो, असे म्हणण्यास येथे जागा उरत नाही.

ही आयत मुख्यत्वे श्रद्धावंतांच्या आपसांतील व्यवहाराविषयी आहे, हे खरे. मग ज्या गावात विविध धर्मांचे लोक एकत्र नांदतात तेथे काय करावे? याचे उत्तर प्रेषितांच्या (स.) जीवनात सापडते. नुबुव्वतच्या कितीतरी आधी, ते साधारण वीस वर्षांचे असताना, मक्केत एक करार झाला. इतिहासात तो 'हिल्फुल् फुजूल' या नावाने ओळखला जातो. येमेनकडील एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील एका प्रतिष्ठित माणसाने घेतला आणि किंमत बुडविली. परक्या माणसाची बाजू घेणारा कोणी नव्हता. तेव्हा काही घराण्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली की, मक्केत ज्याच्यावर अन्याय होईल त्याच्या पाठीशी, तो कोणीही असो, आपण सर्व मिळून उभे राहू. प्रेषित (स.) त्या बैठकीत हजर होते. पुढे नुबुव्वत मिळाल्यानंतरही त्यांनी त्या बैठकीची आठवण अभिमानाने काढली आणि इस्लामच्या काळातही अशा करारासाठी कोणी बोलाविले तर आपण जाऊ, असे सांगितले.

वाचकहो, त्या घरात जमलेल्यांपैकी कोणीही तेव्हा इस्लाम स्वीकारलेला नव्हता. जागा दुसऱ्याची होती, बोलावणारे दुसरे होते, ज्याच्यासाठी जमायचे तो माणूसही परगावचा होता. तरीही सर्व मानवजातीसाठी आदर्श ठरलेल्या त्या महामानवाने (स.) ती बैठक आपली मानली. सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीतही भलाईच्या कामात परस्परांना साहाय्य करण्याची आणि पापाच्या व अत्याचाराच्या कामात साहाय्य न करण्याची आज्ञा आहे.

हिवरे बाजार : भोक न पाडणारे गाव

हदीसमधील नौका आपल्या महाराष्ट्रात पाहायची असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाकडे पाहावे. पावसाच्या कमतरतेने होरपळलेले हे गाव. पाणी नाही म्हणून माणसे गाव सोडून जात होती. १९९० च्या दशकापासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान केले, डोंगरउतारावर चर खोदले, पाणी अडविले. हे काम पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामागील निर्णय ग्रामसभेत झाले, ही गोष्ट मात्र थोडी कमी सांगितली जाते.

त्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. प्रत्येक वर्षी किती पाऊस पडला, जमिनीत किती पाणी मुरले, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यानुसार कोणती पिके घ्यायची ते ठरते. उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, असेही ठरले. जरा विचार करा. बोअर हे काय असते? आपल्या मालकीच्या जमिनीत, आपल्या पैशाने, आपल्या तहानेसाठी पाडलेले भोकच ते. पाणी मात्र खाली साऱ्या गावाचे एक असते. एकाने खोल जावे, शेजाऱ्याची विहीर आटावी, मग शेजाऱ्याने त्याहून खोल जावे. अशाने सारी नौका कोरडी पडते. हिवरे बाजारच्या लोकांनी एकमेकांचा हात धरला आणि गाव तरले.

याच गावात मुसलमानांचे एकच कुटुंब असल्याचे आणि त्या एका कुटुंबासाठी ग्रामस्थांनी मशीद बांधून दिल्याचे वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आले आहे. जेथे लोक पाण्यासाठी एकत्र बसायला शिकतात, तेथे एका घराच्या नमाजाचीही काळजी साऱ्या गावाला वाटू लागते. यात आपल्यासाठी मोठा बोध आहे.

आपण केव्हा जातो आणि कशासाठी?

आता आपण स्वतःकडे वळू या आणि प्रामाणिकपणे आत्मपरीक्षण करू या. गावोगावी असे दिसते की, आपले लोक ग्रामसभेला जातात ते कब्रस्तानच्या भिंतीसाठी, ईदगाहच्या रस्त्यासाठी किंवा काही तंटा उद्भवला म्हणून. हे विषय मांडणे आपला हक्कच आहे, त्यात संकोच नको. परंतु वर्षातील चारही सभांना आपण गैरहजर राहिलो आणि पाचव्या वेळी घोळक्याने गेलो ते भिंत मागण्यासाठी, तर गावाला आपली ओळख कोणती होईल? 'हे आपल्या कामापुरते येतात' हीच. दलित वस्तीतील तुंबलेल्या गटाराविषयी, शाळेच्या गळक्या छपराविषयी, वाडीवरील म्हातारीला रेशन मिळत नाही याविषयी आपल्यापैकी कोणी कधी उभे राहिले होते काय?

हजरत यूसुफ (अलै.) यांची हकिगत आठवा. सूरह यूसुफमध्ये येते की, परक्या देशात, खोट्या आरोपाखाली तुरुंगात असताना त्यांच्यापुढे राजाचे स्वप्न आले. त्यांनी अर्थ तर सांगितलाच, शिवाय सात सुबत्तेच्या वर्षांत धान्य कणसात कसे राखावे आणि सात दुष्काळी वर्षे कशी काढावीत, याची योजनाही विनाअट सांगितली. आधी माझी सुटका करा, मग सांगतो, असे ते म्हणाले नाहीत. त्या योजनेने मिसरच्या लोकांची उपासमार टळली. आणि त्याच धान्यासाठी पुढे त्यांचे स्वतःचे भाऊ दाराशी आले. जो सर्वांच्या भुकेचा विचार करतो, त्याच्या घरच्यांचाही विचार अल्लाह करतो.

प्रेषितांनी (स.) ईमानाच्या सत्तराहून अधिक शाखा असल्याचे सांगताना, वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हीसुद्धा एक शाखा असल्याचे सांगितले आहे. वाटेवरील दगड उचलणे ईमानाची शाखा असेल, तर ज्या खड्ड्यात रोज एखादी सायकल आपटते तो बुजविण्याचा ठराव मांडणे त्याच शाखेची पालवी आहे.

सही आणि साक्ष

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. काही गावांत सभा पुरेशी भरत नाही, म्हणून उपस्थितीची नोंदवही नंतर घरोघर फिरविली जाते आणि लोक ओळखीखातर सही करून देतात. त्यात काय बिघडले, असे वाटते. परंतु ती सही म्हणजे 'मी तेथे होतो, मी ऐकले, हे माझ्यासमोर ठरले' अशी लेखी साक्ष आहे. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे याला इस्लाममध्ये खोटी साक्ष म्हणतात आणि तिची गणना प्रेषितांनी (स.) मोठ्या पापांत केली आहे. म्हणून नोंदवही दाराशी आली तर नम्रपणे सांगावे, "भाऊ, मी सभेला नव्हतो, पुढच्या सभेला येईन, तेव्हा सही करीन." पहिल्यांदा थोडी नाराजी होईल. दुसऱ्यांदा आपण खरोखर सभेला गेलेले दिसलो की, तीच नाराजी आदरात बदलेल.

दुसरी परीक्षा लाभार्थ्यांच्या यादीची. समजा, घरकुलाच्या यादीत आपल्याच चुलत्याचे नाव आहे आणि त्याचे घर तर पक्के आहे. त्याच यादीतून परधर्मीय विधवेचे नाव गळाले आहे आणि ती पत्र्याखाली राहते. सभेत विचारले जाते, कोणाची हरकत आहे काय? त्या क्षणी आपण काय कराल? सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना न्यायावर खंबीर राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसचा आशय असा की, वाक्चातुर्याच्या जोरावर कोणी भावाचा हक्क आपल्या पदरात पाडून घेतला, तर तो अग्नीचा तुकडाच घेऊन जातो. अशा वेळी उत्तम मार्ग हा की, सभेच्या आधीच चुलत्याच्या घरी जावे, त्याला प्रेमाने समजवावे आणि त्याने स्वतःच उठून आपले नाव मागे घ्यावे. असे एका गावात एकदा जरी घडले, तरी इस्लामची ओळख पटविण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरज राहणार नाही.

काही शंका

कोणी म्हणेल, "आमचे तेथे ऐकतो कोण? मग कशाला जायचे?" ही वेदना खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. परंतु उहुदची घटना पाहा. मदीनेत राहूनच लढावे, असे प्रेषितांचे (स.) स्वतःचे मत होते. पुष्कळ साथीदारांचा, विशेषतः तरुणांचा आग्रह बाहेर पडण्याचा होता. त्यांनी तो मान्य केला. त्या लढाईत मुसलमानांची मोठी हानी झाली, सत्तर साथीदार शहीद झाले. आता सल्लामसलत नको, असे म्हणण्यासारखी हीच वेळ होती. परंतु याच प्रसंगाविषयी अवतरलेल्या सूरह आलि इम्रानच्या १५९ व्या आयतीत त्यांना क्षमा करण्याची आणि कामात त्यांचा सल्ला घेत राहण्याची आज्ञा झाली. एका सभेत आपला मुद्दा मान्य झाला नाही म्हणून सभाच सोडण्यास या आयतीनंतर काही आधार राहतो काय? निकालाविषयी आपल्याला विचारले जाणार नाही, हजेरीविषयी आणि साक्षीविषयी मात्र विचारले जाईल.

कोणी म्हणेल, "सध्याचे वातावरण बरे नाही. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर तंटा होईल. गप्प राहिलेले बरे." सावधगिरी जरूर असावी. तथापि, भिवंडीचा अनुभव येथे लक्षात घेण्यासारखा आहे. १९७० आणि १९८४ मध्ये त्या शहराने भीषण दंगली पाहिल्या. त्यानंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची पद्धत सुरू केली. वस्तीवस्तीतील सामान्य हिंदू आणि मुसलमान माणसे, मागावर काम करणारी, छोटी दुकाने चालविणारी, नियमितपणे एकत्र बसू लागली. भांडण नसतानाही त्यांची भेट होत राहिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडीत मात्र दंगल उसळली नाही. शांततेच्या दिवसांत जे एकमेकांना नावाने ओळखू लागले होते, त्यांच्यावर संकटाच्या रात्री अफवेचा जोर चालला नाही. म्हणून वातावरण बिघडेल या भीतीने सभा टाळणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की, न भेटल्यानेच वातावरण बिघडते.

शहरातील वाचक म्हणतील, आम्हाला ग्रामसभा नाही. पण प्रभाग समितीची कार्यालये आहेत, शाळेची व्यवस्थापन समिती आहे, पोलीस ठाण्याची शांतता समिती आहे, आपल्याच इमारतीच्या सोसायटीची वार्षिक सभा आहे. पुण्यात २००६-०७ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या भागातील कामे सुचविणारे अर्ज मागविण्याची पद्धत सुरू झाली. जेथे जी जागा उपलब्ध आहे, तीच आपली ग्रामसभा समजावी.

भगिनींसाठी

महाराष्ट्रात प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागाही महिलांसाठी राखीव आहेत. पाण्याची वेळ, अंगणवाडीतील आहार, मुलींसाठी सुरक्षित वाट, दारूचा अड्डा, हे विषय आपल्या माता-भगिनींना जितके ठाऊक असतात तितके पुरुषांना नसतात. हुदैबियाच्या वेळी साथीदार दुःखाने जागेवरच खिळून बसले असता, काय करावे याचा सल्ला हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी दिला आणि प्रेषितांनी (स.) तो तत्काळ अमलात आणला. हजरत खौला (रजि.) आपल्या संसाराची तक्रार घेऊन आल्या, आपले म्हणणे पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या, आणि अल्लाहने त्यांचे म्हणणे ऐकल्याची ग्वाही सूरह अल्-मुजादलाच्या पहिल्याच आयतीत दिली. ज्या धर्मात एका स्त्रीच्या तक्रारीवरून एका सूरहला नाव मिळाले, त्या धर्माच्या घरातील स्त्रीने महिला सभेला जाताना संकोच का करावा? घरातील पुरुषांनी त्या दिवशी चूल आणि मुले सांभाळावीत.

सभेचे शिष्टाचार

१. नियत शुद्ध करून जावे. कोणाला हरविण्यासाठी किंवा स्वतः मिरविण्यासाठी नव्हे, अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी आणि त्याच्या लेकरांच्या सेवेसाठी जावे.

२. सभेची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, दवंडी पिटली जाते. विषयपत्रिका आधी वाचावी. आपला विषय तोंडी न ठेवता लेखी अर्जाने आधीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

३. ऐकीव गोष्टीवर बोलू नये. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे. हिशेबाविषयी शंका असेल तर आधी कागद पाहावा. गरज पडल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा उपयोग करावा. पुराव्याशिवाय कोणाला चोर म्हणू नये.

४. बैठकीत दुसऱ्यांना जागा करून देण्याची शिकवण सूरह अल्-मुजादलाच्या ११ व्या आयतीत आहे आणि आवाज खाली ठेवण्याचा उपदेश हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केला आहे. सर्वांनी एका कोपऱ्यात घोळका करून बसू नये. शेजाऱ्याजवळ, वर्गमित्राजवळ, शेताच्या बांधकऱ्याजवळ बसावे.

५. सभा मंदिराच्या मंडपात ठेवली असेल आणि काहींना संकोच वाटत असेल, किंवा तारीख शुक्रवारी येऊन वेळ जुम्याच्या नमाजाशी गाठ घालत असेल, तर सरपंच व ग्रामसेवकांना आधी भेटावे. सभा शाळेच्या आवारात घेता येईल काय, वेळ थोडी पुढे-मागे करता येईल काय, हे साधेपणाने विचारावे. विनंती वेळेवर केली की ती विनंती राहते. सभेच्या दिवशी केली की ती तक्रार होते.

६. ठराव झाल्यावर तो इतिवृत्तात जसा झाला तसा लिहिला गेला की नाही, हे पाहावे. आपल्या मताविरुद्ध ठराव झाला तरी श्रमदानाच्या दिवशी फावडे घेऊन सर्वांच्या आधी हजर राहावे.

सारांश

आपण ज्या नौकेत बसलो आहोत, तिचा मजला आपण निवडलेला नाही; चिठ्ठ्यांनी तो वाट्याला आला. कोणी बहुसंख्य आहे, कोणी अल्पसंख्य; कोणाकडे विहीर आहे, कोणाच्या हाती रिकामा हंडा आहे. परंतु नौका एक आहे आणि तिच्या खालचे पाणीही एक आहे. ज्याला तहान लागली आहे त्याने बोलले पाहिजे, ज्याच्याजवळ पाणी आहे त्याने ऐकले पाहिजे. जो यांपैकी काहीच करीत नाही, तो उद्या कुऱ्हाडीचा आवाज ऐकून जागा होईल. पण तेव्हा उशीर झालेला असेल.

घरातील अभ्यासासाठी

रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून या प्रश्नांवर विचार करावा.

१. मागील वर्षी आपल्या गावात किती ग्रामसभा झाल्या आणि आपल्या घरातून किती जण गेले?

२. आपल्या घराशी संबंध नसलेली, पण गावातील दुसऱ्या कोणाची तरी नड असलेली एक गोष्ट कोणती? ती पुढील सभेत कोण मांडील?

३. सूरह अश्-शूराची ३८ वी आयत अर्थासह वाचा. आपल्या घरातील निर्णय सल्लामसलतीने होतात काय? मुलांना आणि स्त्रियांना त्यात बोलता येते काय?

४. न जाता सही करण्याची वेळ आली तर काय सांगायचे, हे आजच ठरवा.

हे अल्लाह! आम्हाला आमच्या वस्तीसाठी कल्याणाचे कारण बनव. आमच्या जिभेला सत्य आणि सौम्यता दे, आमच्या मनातील भीती आणि अहंकार दूर कर, आणि ज्यांच्यासोबत तू आम्हाला एका गावात वसविले आहेस त्यांचे हक्क अदा करण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. आमीन.